आरएनएची घडी कशी बसते?

(संस्थेच्या विज्ञान मंडळात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषयाचे नाव वाचून काही पालकांना वाटले असेल की हे व्याख्यान आपल्यासाठी नव्हे, ते बारावीच्या मुलांसाठी आहे. तसे नाही. माझ्या बोलण्याचा एक भाग अगदी घरातल्या गोष्टीचा आहे. लहान मुलांच्या कानांचा आणि इंजेक्शनांचा. पण तिथे पोहोचण्यासाठी थोडी वाट चालावी लागेल, तेवढा धीर धरावा.

बारावीच्या मुलांना मी विचारले की आरएनएमध्ये कोणाची जोडी कोणाशी, तर सारा वर्ग एका सुरात सांगेल : ए समोर यू, जी समोर सी. उत्तर बरोबर आहे, गुणही मिळतील. परंतु एवढ्यावरच जो थांबला त्याला डीएनए बऱ्यापैकी कळेल, आरएनए मात्र कळणार नाही. आरएनएचा आकार या नियमाने निम्मा घडतो, आणि उरलेला निम्मा या नियमात न बसणाऱ्या नात्यांनी घडतो. आज मला त्या उरलेल्या निम्म्याबद्दल बोलायचे आहे.

प्रथम ओळख करून घेऊ. आरएनए हा लांब धागा आहे. साखर आणि फॉस्फेट यांची एकाआड एक गुंफण होऊन तो बनतो, आणि प्रत्येक साखरेला एक नत्रयुक्त रेणू लटकलेला असतो. त्याला बेस म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. बेस चार : ॲडेनिन, ग्वानिन, सायटोसिन आणि युरॅसिल. तसबीहचे मणी दोऱ्यात ओवलेले असावेत तसे हे एकामागून एक येतात. डीएनएमध्ये दोन धागे एकमेकांना धरून उभे असतात, म्हणून त्याचा आकार बहुतेक सर्वत्र सारखाच, पिळाच्या जिन्यासारखा. आरएनएला असा जन्माचा जोडीदार नसतो. तो एकटा धागा असल्याने स्वतःवरच वळतो, दुमडतो, आणि त्याच्या एका भागातले बेस दूरच्या दुसऱ्या भागातल्या बेसना गाठतात. कोणी कोणाला गाठले यावर त्या रेणूची घडी ठरते, आणि घडीवर त्याचे काम.

आता बेस दिसतो कसा? तो चपटा असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे सगळे सोपे जाते. चपट्या वस्तूला दोन पृष्ठे असतात आणि भोवती कडा असतात. म्हणजे दुसऱ्याशी संबंध जोडायच्या वाटाही दोनच. एक कडेला कड लावून, नमाजच्या सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात तसे. दुसरी पृष्ठावर पृष्ठ ठेवून, तव्यावरून उतरलेल्या भाकऱ्यांची चवड रचतात तशी.

पाठ्यपुस्तकात पहिली वाट सविस्तर असते. कडेला कड लागली की मध्ये हायड्रोजन बंध तयार होतात, जी आणि सी यांच्यात तीन, ए आणि यू यांच्यात दोन. वाचणाऱ्याची समजूत होते की हे बंध म्हणजे डिंक, आणि त्यावर सारी इमारत उभी आहे. पण पेशीत सगळीकडे पाणी आहे, आणि पाण्याचा रेणूही बेसच्या कडेशी तितक्याच आनंदाने हायड्रोजन बंध जोडतो. जोडी जमली तर पाण्याशी असलेले बंध तुटतात, जोडी सुटली तर ते पुन्हा जुळतात. हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो. मग घडी टिकते कशाने?

मोठ्या प्रमाणावर ती चवडीने टिकते. बेसची चपटी पृष्ठे पाण्याला फारशी धरत नाहीत. रश्शावर तेलाचे थेंब एकमेकांत मिसळू पाहतात तशी ती पाणी बाजूला सारून एकमेकांवर बसतात. शिवाय इतक्या जवळ आल्यावर त्यांच्या इलेक्ट्रॉनांमध्येही सूक्ष्म आकर्षण निर्माण होते. दोन बेसमधले अंतर सुमारे ०.३४ नॅनोमीटर असते. एका मिलिमीटरच्या उंचीत अशा सुमारे तीस लाख चकत्या मावतील! जोडीदार कोण हे कडा ठरवतात, आणि जमलेली जोडी किती घट्ट बसेल हे बऱ्याच अंशी वर-खाली कोण बसले आहे यावर ठरते. म्हणूनच रसायनशास्त्रज्ञ आरएनएच्या पिळाची मजबुती मोजतात तेव्हा नुसत्या जोड्या मोजत नाहीत; प्रत्येक जोडीचा शेजारी कोण हेही पाहतात. जीसीच्या शेजारी जीसी, की एयूच्या शेजारी जीसी, याने हिशेब बदलतो.

आता कडांकडे वळू. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये डीएनएची जी जोडी दाखवली तिच्यात बेसची एकच कड वापरली जाते. पण बेसला समोशासारख्या तीन कडा असतात. पहिली वॉटसन-क्रिक कड. दुसरी हूगस्टीन कड. कार्स्ट हूगस्टीन या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये स्फटिकांचा अभ्यास करून ॲडेनिन आणि थायमिन यांची निराळ्याच बाजूने जमलेली जोडी दाखवली, तिच्यावरून हे नाव पडले. तिसरी साखरेकडची कड. आरएनएच्या साखरेवर डीएनएपेक्षा एक हायड्रॉक्सिल गट जास्त असतो. तोही बंध जोडण्यात भाग घेतो, म्हणून ही तिसरी कड आरएनएमध्ये विशेष उपयोगी पडते.

तीन कडांपैकी कोणतीही कड समोरच्याच्या कोणत्याही कडेला लागू शकते. असे सहा प्रकार झाले. त्यात दोन्ही साखरा एकाच बाजूला आहेत की विरुद्ध बाजूंना, हा भेद धरला की बारा. नेओक्लिस लिओन्टिस आणि एरिक वेस्टहोफ यांनी २००१ मध्ये अशी बारा कुळे मांडली. आपण पाठ केलेला नियम त्या बारांपैकी एका कुळाचा आहे! शिवाय जोडी जमल्यावरही बेसच्या एखाद-दोन कडा मोकळ्या राहतात. तिथे तिसरा बेस येऊन बसू शकतो, आणि त्याला त्रिकूट म्हणता येईल.

हे सगळे एका खऱ्या रेणूत पाहू. तो म्हणजे टी-आरएनए, प्रथिने बनवण्याच्या कारखान्याकडे अमिनो आम्ल वाहून नेणारा हमाल. त्याच्या एका टोकाला अमिनो आम्लाचे ओझे असते आणि दुसऱ्या टोकाला तीन बेसची चिठ्ठी, जी संदेशाशी ताडून पाहायची. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट हॉली यांनी ॲलॅनिन नावाच्या अमिनो आम्लाचा टी-आरएनए यीस्टमधून वेगळा केला. सुमारे १४० किलो यीस्टमधून हाती एक ग्रॅम माल! त्या एका ग्रॅमवर काम करून १९६५ मध्ये त्यांनी त्यातील ७७ बेसचा क्रम सांगितला. एवढ्या चिकाटीचे काम मी तरी फारसे वाचलेले नाही. क्रम हाती आल्यावर ए-यू, जी-सी या नियमाने जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा कागदावर मेथीच्या तीन पानांसारखी आकृती उमटली. देठ आणि तीन पाने. पाठ्यपुस्तकात आजही ती असते.

१९६८ चे नोबेल पारितोषिक हॉली, मार्शल निरेनबर्ग आणि हरगोविंद खोराना यांना विभागून मिळाले. खोराना यांचा जन्म पंजाबातील रायपूर या खेड्यात झाला. ते गाव आता पाकिस्तानात आहे. शंभरएक वस्तीच्या त्या गावात साक्षर म्हणावे असे त्यांचे एकच घर, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. वडील पटवारी होते. पुढे हॉलींनी काढलेल्या क्रमावरून खोराना यांच्या गटाने १९७० मध्ये त्याच टी-आरएनएचे जनुक प्रयोगशाळेत जोडून तयार केले. समोर बसलेल्या मुलांनी हे गाव आणि हे काम दोन्ही शेजारी ठेवून पाहावे.

पण मेथीचे पान ही कागदावरची आकृती झाली. पेशीत रेणू कागदासारखा सपाट पडून राहत नाही. खरा आकार कोणता? केंब्रिजमध्ये मायकेल लेव्हिट नावाचा बावीस वर्षांचा संशोधक विद्यार्थी होता. तोवर ठाऊक असलेले निरनिराळे टी-आरएनए त्याने एकाखाली एक मांडले. त्याला दिसले की पंधराव्या जागी जी असला तर अठ्ठेचाळिसाव्या जागी सी असतो, आणि पंधराव्या जागी ए असला तर अठ्ठेचाळिसाव्या जागी यू. कागदावरच्या आकृतीत या दोन जागा एकमेकींच्या जवळपासही नाहीत. मग त्या एकत्र का बदलतात? कारण खऱ्या रेणूत त्या एकमेकींना धरून असल्या पाहिजेत. १९६९ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. त्याने सुचवलेला पूर्ण आकार पुढे टिकला नाही, पण ही जोडी खरी निघाली. नवे यंत्र नाही, नवे रसायन नाही. पुढ्यातल्या क्रमांकडे नीट पाहणे, एवढेच त्याचे भांडवल होते. याच लेव्हिट यांना २०१३ मध्ये, दुसऱ्या कामाबद्दल, रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

खरा आकार क्ष-किरणांनी दिसला. यीस्टमधील फेनिलॲलॅनिनच्या टी-आरएनएचे, ७६ बेसच्या रेणूचे, स्फटिक तयार करून अलेक्झांडर रिच आणि सुंग-हो किम यांच्या गटाने १९७३ मध्ये ढोबळ आकार दाखवला, आणि १९७४ मध्ये त्यांनी व केंब्रिजमधील ॲरन क्लूग यांच्या गटाने बारीक तपशील दिले. मेथीचे पान इंग्रजी एल अक्षरासारखे, सुताराच्या गुण्यासारखे काटकोनात वळलेले निघाले! देठ आणि एक पान एकमेकांवर बसून एक लांब दांडा, उरलेली दोन पाने मिळून दुसरा. हे एकमेकांवर बसणे म्हणजे मघाचीच चवड. ७६ पैकी ४२ बेस पानांच्या देठांतल्या नेहमीच्या जोड्यांत गुंतलेले असतात, पण चवडीत बसलेले बेस सत्तरच्या आसपास आहेत. मोकळे दिसणारे बहुतेक बेसही मोकळे नाहीत.

त्या गुण्याचा कोपरा पाहण्यासारखा आहे. कागदावर जी दोन पाने डाव्या-उजव्या टोकांना असतात त्यांचे शेंडे इथे येऊन मिळतात. एकोणिसावा जी आणि छप्पन्नावा सी यांची नेहमीची जोडी जमते. अठराव्या जीला पंचावन्नावा बेस धरतो, तो युरॅसिलचेच थोडे बदललेले रूप आहे. आणि सत्तावन्नावा जी अठरा व एकोणीस यांच्या मध्ये शिरून बसतो. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तसा हा प्रकार. कोपऱ्याच्या आत त्रिकुटे आहेत : बाविसावा आणि तेरावा यांची सरळ जोडी, आणि तिच्या मोकळ्या कडेला शेचाळिसावा. आठव्या आणि चौदाव्याची जोडी तर हूगस्टीन कडेने जमलेली. पंधरा आणि अठ्ठेचाळीस तिथेच भेटतात, मात्र नेहमीच्या दिशेने नव्हे, उलट्या. या धाग्यावरचे फॉस्फेट ऋणभारित असतात आणि एकमेकांना दूर लोटतात. ते भांडण मिटवायला मॅग्नेशियमचे धनभारित अणू मध्ये येऊन बसतात.

एवढा खटाटोप कशासाठी? गुण्याच्या एका टोकाला चिठ्ठी आणि दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल, दोन्हींत सुमारे साडेसात नॅनोमीटर अंतर. कारखान्यात चिठ्ठी वाचण्याची जागा आणि अमिनो आम्ले जोडण्याची जागा यांच्यात तेवढेच अंतर आहे. कोपरा सुटला तर हमाल दारातून आतच जाणार नाही.

तो कारखाना म्हणजे रायबोझोम. त्याचा गाभाही आरएनएचाच आहे. २००० मध्ये येल विद्यापीठात टॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने रायबोझोमच्या मोठ्या भागाचा आकार अणूंच्या पातळीवर दाखवला. त्यांनी वापरलेला सूक्ष्मजीव मृत समुद्रातला, ज्याला अरबीत बहर लूत म्हणतात त्या खाऱ्या पाण्यातला. तिथे त्यांना दिसले की दीडशेहून अधिक ॲडेनिन कोणाशीही नेहमीची जोडी न करता आपली साखरेकडची बाजू दुसऱ्या पिळाच्या खाचेत सरकवून बसले आहेत. पाचर ठोकून लाकडी सांधा पक्का करतात तसे हे ॲडेनिन दूरदूरच्या पिळांना एकत्र धरून ठेवतात. जोडीच्या नियमाने पाहिले तर हे बेस बिनकामाचे ठरले असते. अमिनो आम्ले जिथे जोडली जातात त्या जागेच्या अगदी निकट प्रथिनही नाही; जोडण्याचे काम आरएनएची घडीच करते.

रायबोझोमच्या लहान भागाचा आकार त्याच वर्षी केंब्रिजमध्ये वेंकटरामन रामकृष्णन यांच्या गटाने सांगितला. हे मूळचे चिदंबरमचे. पदवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची. स्टाइट्झ, रामकृष्णन आणि इस्राएलच्या आदा योनाथ यांना २००९ चे नोबेल मिळाले. या लहान भागात चिठ्ठी वाचली जाते. संदेशातले तीन बेस आणि टी-आरएनएवरचे तीन बेस यांची जोडी जमली, की रायबोझोमचे दोन ॲडेनिन, क्रमांक १४९२ आणि १४९३, आपल्या जागेतून बाहेर वळतात आणि त्या जोडीच्या खाचेत शिरून तिचा आकार चाचपतात. आकार बरोबर असेल तर प्रवेश, नाहीतर परत. म्हणजे हे दोघे अक्षरे वाचत नाहीत, जोडीची ठेवण तपासतात.

पालकहो, आता मी सुरुवातीला म्हटलेल्या कानांकडे येतो. जेंटामायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन ही इंजेक्शने आपण ऐकली असतील. नवजात बाळाच्या रक्तात जंतूंचा प्रादुर्भाव झाला तर जेंटामायसिन किंवा अमिकासिन जीव वाचवते. १९४३ मध्ये सापडलेले आणि क्षयावरचे पहिले गुणकारी औषध ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन याच कुटुंबातले. यातली जेंटामायसिनसारखी औषधे जंतूंच्या रायबोझोममध्ये नेमकी त्या दोन ॲडेनिनच्या खाली असलेल्या खळगीत बसतात आणि त्यांना बाहेर वळलेलेच ठेवतात. तपासनीसच डोळे मिटून सगळ्यांना आत सोडू लागला तर जे होईल तेच होते : चुकीची प्रथिने बनतात आणि जंतूचा निकाल लागतो.

आपल्या पेशींतही रायबोझोम आहेत. पेशीच्या मुख्य रायबोझोममध्ये त्या खळगीजवळचे बेस वेगळे असल्याने औषध तिथे नीट बसत नाही. पण पेशीच्या तंतुकणिकांमध्ये जे छोटे रायबोझोम असतात ते जंतूंच्या रायबोझोमशी बरेच मिळतेजुळते आहेत. त्यांना वाचवते ती एक न जमलेली जोडी. जंतूंमध्ये खळगीच्या तळाशी सी आणि जी यांची घट्ट जोडी असते. माणसाच्या तंतुकणिकेत तिथे क्रमांक १४९४ ला सी आणि समोर १५५५ ला ए आहे. सी आणि ए यांची नेहमीची जोडी जमत नाही, खळगी सैल राहते, औषध पक्के बसत नाही.

काही घराण्यांत १५५५ च्या जागी एऐवजी जी असतो. एवढाच फरक. मग सीला जी मिळतो, जोडी जमते, खळगीचा आकार जंतूच्या खळगीसारखा होतो आणि औषध आपल्याच पेशींत घट्ट बसते. याचा मार अंतर्कर्णातल्या केसासारख्या पेशींवर पडतो, आणि माणसात त्या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. १९९३ मध्ये चीनमधील तीन कुटुंबे आणि इस्राएलमधील एक अरब कुटुंब यांच्या अभ्यासातून हा बदल उजेडात आला. त्या अरब कुटुंबात तर औषधाशिवायही आईकडून बहिरेपणा येत होता. पुढे २००४ मध्ये चीनमधल्याच एका मोठ्या घराण्यात उलटा बदल सापडला : १५५५ चा ए तसाच, पण १४९४ च्या सीऐवजी यू. ए आणि यू, पुन्हा जोडी जमली, पुन्हा बहिरेपणा. दोन वेगळे बदल, आणि फळ एकच. लेव्हिटने पंधरा आणि अठ्ठेचाळीसवरून जो तर्क केला, त्याच जातीचा हा पुरावा आहे.

तंतुकणिका आपल्याला आईकडूनच मिळतात. त्यामुळे आई, मावशी, मामा, आजी यांच्यापैकी कोणाला अशा इंजेक्शनानंतर ऐकू येईनासे झाले असेल, तर ही गोष्ट डॉक्टरांना आपण होऊन सांगावी. आपल्या घरांत अशा गोष्टी, विशेषतः मुलीच्या लग्नाआधी, दडवून ठेवतात. हे मला अजिबात पटत नाही. दडवल्याने पुढच्या मुलाचे कान जातात. मात्र माझे ऐकून कोणी गंभीर आजारी बाळाचे इंजेक्शन नाकारू नये. जास्त मात्रेत ही औषधे कोणाच्याही कानांना अपाय करू शकतात, हे डॉक्टर जाणतात आणि मात्रा सांभाळून देतात. जीव आधी. पर्यायी औषध देता येईल का, हे डॉक्टर ठरवतील, पण त्यासाठी माहिती त्यांच्या हाती हवी. मँचेस्टरमध्ये नवजात बाळांच्या गालातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेऊन हा एक बेस सुमारे २६ मिनिटांत तपासण्याची चाचणी वापरून पाहिली गेली, आणि २०२२ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या खळगीचा आकार शोधायला अर्धे शतक लागले, तिची चौकशी आता बाळाच्या खाटेशेजारी होऊ शकते.

आता दोन शब्द मुलांसाठी. प्रथिनाचा क्रम दिला की आकार सांगणाऱ्या संगणक-पद्धतींना २०२४ मध्ये नोबेल मिळाले. तसे आरएनएसाठी झाले का? २०२२ मध्ये या विषयाच्या जागतिक चाचणीत आरएनएचाही समावेश होता. तिथे वरचे क्रमांक यंत्र-शिक्षणावर विसंबणाऱ्यांना मिळाले नाहीत. अनुभवी माणसांचा हात लागलेल्या पद्धती पुढे राहिल्या. कारण उघड आहे. ज्यांचे आकार माहीत आहेत असे आरएनए प्रथिनांच्या मानाने फार थोडे, आणि बारा कुळांच्या जोड्या, त्रिकुटे, चवडी, मॅग्नेशियम, सगळे एकाच वेळी जमवायचे. काम शिल्लक आहे, आणि ते रसायन, भौतिकी, गणित, संगणक यांपैकी कोणत्याही दारातून आत येऊन करता येते. मुलींनीही, हे वेगळे सांगायला नको होते, पण सांगतो.

प्रथिने आणि आरएनए यांचे आकार जिथे जमा आहेत ती प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून चालू आहे आणि कोणालाही विनामूल्य खुली आहे. शाळेच्या संगणकावर किंवा अब्बांच्या मोबाईलवर ती उघडा आणि १ ई एच झेड या क्रमांकाची नोंद काढा. यीस्टचा तोच टी-आरएनए समोर येईल, बोटाने फिरवता येईल. प्रथम कोपरा शोधा. मग त्यात १५ आणि ४८ शोधा, आणि त्यांच्या कोणत्या कडा एकमेकींना लागल्या आहेत ते वहीत काढून तुमच्या सरांना किंवा मॅडमना दाखवा. ते जमले तर १३, २२ आणि ४६ चे त्रिकूट काढून पाहा. ते थोडे अवघड आहे.